आरशाचं कपाट

कपाट दारातून आत जाईना.

टेम्पोतून उतरवतानाच चौघांची दमछाक झाली होती. त्यांनी ते आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं, एका कोपऱ्यावर तिरकं घालून बघितलं. आमच्या शेडाचं दार माणूस वाकून जाईल एवढंच. पत्र्याला लोखंड घासलं की दात शिवशिवायचे, आणि दर आवाजाला शेजारच्या शेडांतून कुणीतरी बाहेर येऊन उभं राहायचं.

"पत्रा काढा," आमचे मालक म्हणाले.

टेम्पोवाला हसला. "काका, कपाटासाठी घराची भिंत काढता व्हय?"

"घर कुटलं? पत्राच हाय. काढा म्हनलं ना, पुन्हा म्या ठोकतो."

मी बाहेर चुलीपुढं बसले होते, हाताला ज्वारीचं पीठ. चूल बाहेरच मांडली होती, कारण आत तिला जागा उरली नव्हती. आत पलंग होता. पलंगाच्या पायथ्याशी रंगीत टीव्ही. थंडीच्या दिवसांत घेतलेला कूलर. एकात एक घातलेल्या सहा खुर्च्या, न उघडलेला मिक्सर. भिंतीवरचं घड्याळ पलंगावर पडून होतं, कारण पत्र्यात खिळा राहत नव्हता. माणसं आम्ही दोनच.

शेजारची दैवशाला पुतणीला उचलून घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. पुतणी वनमाला सहा वर्षांची. भूकंपात तिचा डावा पाय चेंगरला होता, मांडीपासून खाली सगळं प्लास्टर. आई-बाप दोघंही गेले, म्हणून दैवशालाच तिला सांभाळायची.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "ह्याच्यात ठिवनार काय?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्याकडं दोन लुगडी होती, तीही मदतीच्या ट्रकमधून आलेली, कुणीतरी नेसून दिलेली.

दारालगतचा पत्रा सोडवला, कपाट आत सरकवलं, मालकांनी पत्रा चार खिळ्यांवर पुन्हा अडकवला. मग आतून हाक आली, "सोजर, हिकडं ये. बघ तरी."

मी हात धुऊन गेले. कपाटाच्या एका दाराला वरपासून खालपर्यंत आरसा होता. मालकांनी मला त्याच्यासमोर उभं केलं.

"पुरा मानूस दिसतो बघ."

मी बघितलं. मी दिसत होते, माझ्या मागं मालक दिसत होते. पण ते माझ्याकडं बघत नव्हते आणि स्वतःकडंही नाही. त्यांची नजर आरशाच्या खालच्या निम्म्या भागात होती, जिथं कुणीच नव्हतं.

"चांगलं हाय," मी म्हणाले आणि भाकरी करपेल म्हणून बाहेर आले.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या आधी आमचं गाव होतं, गावात घर होतं. मालक शिंपीकाम करायचे. देवळाच्या ओट्याला लागून त्यांची मशीन असायची. लग्नसराईत दोन घास खायला उसंत नसे, एरवी फाटकं-तुटकं दुरुस्त करण्यात दिवस जाई. आमचं भागत होतं. भागवत आमचा एकुलता. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेला, भूकंपाच्या साली दहाचा होता. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचा, "माय, मी आलो!" दारात पोचेपर्यंत चार वेळा आलेला असायचा. मालक मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "आला बघ तुझा पाव्हना."

गणपतीच्या दिवसांत माझ्या भावाच्या लेकीचं बारसं निघालं. भागू म्हणाला, मी येत नाही, मी लेझमात आहे, मला गणपती बोळवायचाय. सासूबाई म्हणाल्या, राहू दे माझ्यापाशी. आम्ही दोघंच गेलो. पहाटे भूकंपात माझ्या माहेरीही भांडी पडली, पण भिंती टिकल्या. लगेच ट्रॅक्टरवर बसून निघालो. ज्या चढावरून आमचं गाव दिसायचं, तिथं ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर थांबवला. गाव दिसत नव्हतं.

मालकांनी आमच्या घराच्या जागेचा अंदाज घेतला आणि हातांनी दगड काढायला लागले. आमच्याकडच्या भिंती दगडमातीच्या, हातभर जाडीच्या. एक दगड काढला की माती ओघळायची आणि खड्डा पुन्हा भरायचा. मी हाक मारत होते, तेही मारत होते. बोटांची नखं गेली तरी ते उठेनात. दुसऱ्या दिवशी सांजेला जवानांना भागू आणि सासूबाई सापडले. दोघं एकाच ठिकाणी, पण आमच्या घरात नाही. शेजारच्यांच्या ओसरीवर. लेझमावरून आल्यावर बोलत बसले असतील आणि तिथंच आडवे झाले असतील.

मालक जिथं उकरत होते, तिथं तो नव्हताच.

त्या सांजेपासून मालकांनी भागूचं नाव घेतलं नाही. मी घेतलं की उठून बाहेर जायचे. मग मीही घेईना.

माळावर पत्र्याची शेडं उभी राहिली, ओळीनं, शेकड्यांनी. कुठून कुठून ट्रक यायचे. कपडे, भांडी, बिस्किटं, कांबळी. माणसं धावायची, ओढायची, एकमेकांच्या हातातलं हिसकायची. रात्रीत सगळं गमावलेल्या माणसाला हातात काहीतरी धरावंसं वाटतं, मी कुणाला नावं ठेवत नाही. मग सरकारकडून गेलेल्या माणसांचे पैसे आले. ज्याच्या घरची जास्त माणसं गेली त्याच्याकडं जास्त पैसे, असा तो हिशेब. आणि पैसे आले तसा महिन्याभरात समोरच्या रस्त्यावर बाजार आला.

मांडव घातले होते, कर्णे लावले होते. टीव्ही, टेप, फ्रीज, मोटारसायकली, सोफे. "या, या, बघायला पैसे पडत नाहीत," असं दिवसभर कर्ण्यावर चालायचं. ज्यांनी जन्मात फ्रीज पाहिला नव्हता त्यांच्या शेडात फ्रीज आला. वीज दिवसातून थोडा वेळ यायची, तेवढ्यात त्यात पाण्याची बाटली गार करून सगळे पाळीपाळीनं प्यायचे. एकानं घेतलं की दुसरा घ्यायचा. कुणाच्या शेडापुढं काय उतरलं ते पोरं ओरडून सांगायची. गावात आता मेलेल्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं. कोणत्या कंपनीचा टीव्ही चांगला, यावर बोलणं चालायचं, आणि ते सोपं होतं.

मालक सकाळी अंघोळ करून मांडवात जायचे. दुपारी काहीतरी घेऊन यायचे. वस्तू आणली की त्या दिवशी दोन घास नीट जेवायचे, तिच्याविषयी बोलायचे, वायर कुठं लावायची, बटण कुठलं दाबायचं. दुसऱ्या दिवशी त्या वस्तूकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. म्हणून मी गप्प राहिले. मला वाटायचं, घेऊ देत. निदान बोलतात तरी.

एकच गोष्ट मला कळेना. मदत करणाऱ्या मंडळींपैकी एक बाई आल्या होत्या. गावात कोण काय काम करत होतं ते विचारून त्या सुताराला हत्यारं, न्हाव्याला पेटी, असं देत होत्या. मालकांना म्हणाल्या, "वैजनाथराव, तुमच्यासाठी नवी शिलाई मशीन आणलीय. फुकट आहे, सही पण नको."

मालक हात जोडून म्हणाले, "नगं, ताई."

"अहो, पण हे तुमचं काम आहे ना?"

"व्हतं."

त्या बाई निघून गेल्या आणि मालक त्याच दुपारी कूलर घेऊन आले. फुकट मिळणारी मशीन नको आणि पैसे मोजून कूलर हवा. मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "आवं, काय करलालाव हे?"

"उनाळ्यात लागंल," ते म्हणाले.

उन्हाळा चार महिने लांब होता.

कपाट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मांडवातला विक्रेता आमच्याकडं आला. बोराडे त्याचं नाव, चाळिशीचा माणूस, इस्त्रीचे कपडे, पायात बूट. वाईट नव्हता. आला की आधी पाणी मागायचा आणि सावकाश बोलायचा. मोटारसायकलीचं चित्र असलेला कागद त्यानं पलंगावर पसरला.

"काका, लाल घ्या. लालला मागणी आहे. परवा आणून दारात उभी करतो. आली की पैसे द्या, आधी काही नको."

"सगळे एकदम देतो," मालक म्हणाले.

"हप्त्यानं दिले तरी चालतील, काका. थोडे शिल्लक ठेवा."

"शिल्लक ठिवायचे न्हाईत. गाडीत किती जातील?"

बोराडेनं माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाईक असं बोलत नाही, हे त्यालाही कळत होतं.

मी म्हणाले, "ह्यांना गाडी चालवता येत न्हाई."

"शिकतील की, मावशी. आमचा माणूस शिकवेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "घेऊ द्या त्यांना. दुःख विसरायला माणसाला काहीतरी लागतं."

"इसरायचंय असं तुमाला कुनी सांगितलं?"

बोराडेनं कागद घडी करून खिशात घातला. जाताना मालक त्याच्या मागं जाऊन म्हणाले, "परवा आना. लालच."

तो परवाचा दिवस उजाडला. मालक सकाळपासून रस्त्यावर जाऊन उभे होते. दुपारची वेळ, मी पिठाचा डबा काढायला आत गेले. डबा पलंगापलीकडं, कपाटाच्या बुडाशी होता. तिथं पोचायला खुर्च्या उचलून पलंगावर ठेवाव्या लागायच्या आणि कूलर दाराकडं सरकवावा लागायचा. मी वाकून डब्याला हात घातला आणि जमीन हलली.

धक्के तसे महिन्या-दोन महिन्यांतून बसायचेच. पत्रे खडखडायचे, माणसं बाहेर पळायची, मग परत यायची. पत्र्यानं कुणी मरत नाही, म्हणूनच ती शेडं बांधली होती. पण हा धक्का मोठा होता. मी डोकं वर केलं तर आरसा माझ्या अंगावर येत होता. त्यात माझंच तोंड मोठं मोठं होत आलं.

मी खाली पडले. कपाट पलंगाच्या कठड्यावर आदळून अडकलं आणि त्याच्याखाली माझ्यापुरती पोकळी राहिली. आरशाच्या काचा सगळ्या अंगावर. खुर्च्या कोसळल्या, टीव्ही पडला, कूलर दारावर कलंडला आणि दार आतून बंद झालं. धूळ उठली. मला फारसं लागलं नव्हतं, कपाळाला आणि हाताला काच गेली होती. पण हलता येत नव्हतं, आणि डोळ्यांपुढं अंधार.

बाहेर आरडाओरडा ऐकू येत होता. दैवशालाचा आवाज आला, "आगं, वैनी आत हाय! दादा, वैनी आतच हाय!"

मग मालकांची पावलं. दार ढकललं, उघडेना. लाथ मारली, उघडेना. मी ओरडले, "म्या हाय हितं, मला काय झालं न्हाई." त्यांना ते ऐकू गेलं नसावं. पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. तो चार खिळ्यांवर अडकवलेला पत्रा त्यांनी हातांनीच उपसला होता. उजेड आत आला आणि वस्तू बाहेर जायला लागल्या. खुर्ची गेली, मग दुसरी. टीव्ही उचलून त्यांनी मागं न बघता फेकला, तो फुटल्याचा आवाज मी ऐकला. मिक्सर, घड्याळ, गादी. आणि ते ओरडत होते.

"भागू! भागू, आलो रं! आलो, बाबा! हालू नगंस, म्या आलो!"

मी पुन्हा ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"भागू! आवाज दे! एकदा आवाज दे रं!"

चार महिन्यांत त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. बाहेर सगळा माळ गप्प झाला होता. फक्त वस्तू आपटण्याचे आवाज आणि ही हाक. मला वाटलं मी बोलू नये. मला वाटलं, हे मी आहे असं मी सांगितलं तर काहीतरी तुटेल. पण माणूस किती वेळ गप्प राहणार. कपाटाच्या खालून मी हात बाहेर काढला.

त्यांनी हात धरला. घट्ट धरला आणि ओढला. मग त्यांची नजर हातावर गेली. बाईचा हात, मनगटात काचेची एक बांगडी, पिठानं आणि रक्तानं भरलेला. ओढता ओढता ते थांबले.

त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी जिवंत होते याचा आनंद त्यात होता. आणि मी होते, दुसरं कुणी नव्हतं, याचं दुःखही त्यात होतं. मला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर माझंही तोंड तसंच झालं असतं.

"सोजर," ते म्हणाले.

"हां. म्या हाय."

मग लोक पुढं झाले, चौघांनी कपाट उचललं आणि मला बाहेर काढलं.

सांज झाली तरी आम्ही दोघं उघड्यावर बसून होतो. आमच्या भोवती वस्तू विखुरलेल्या. दैवशालानं माझ्या कपाळाला हळद लावून चिंधी बांधली, चहा दिला आणि पुतणीला घेऊन निघून गेली. मालकांचे हात पुन्हा सोलवटले होते. पत्र्याच्या धारेनं तळवा कापला होता. मी तो पदरानं बांधला.

मग ते बोलायला लागले.

"बँकेतले सायेब म्हनले, वैजनाथराव, पैशे हितंच ठिवा. व्याज येतं. वाढतील."

मी पदराची गाठ आवळली.

"पोरगं दहाचंच राहिलं, सोजर. आता अकराचं व्हनार न्हाई, बाराचं व्हनार न्हाई. आन् त्याचे पैशे वाढनार? म्या त्येंना म्हनलं, सगळे काढून द्या. सायेब मला येडा समजले असतील."

"म्हनून घेत व्हतात?"

"संपवत व्हतो. वाटायचं, हे संपले की झालं. पर संपना गेले. येक वस्तू आनली की वाटायचं, त्यातले इतके गेले. आन् ती वस्तू घरात येऊन बसायची. टीवी बघितला की तो. खुर्ची बघितली की तो." त्यांनी कपाटाकडं बोट केलं. "ह्याच्यात त्याची उंची कुटपर्यंत आली असती, तेच बघत बसायचो."

"मला दिसलं व्हतं."

"दिसलं? मग बोलली न्हाईस?"

"तुमी उठून गेला असता."

तेव्हा मालक रडले. दगड उकरताना रडले नव्हते, अग्नी देताना रडले नव्हते. मी त्यांना गप्प केलं नाही. मीही माझं रडून घेतलं.

"मशीन का घेतली न्हाईत?" मी शेवटी विचारलं.

"पायाशी चिंध्या गोळा करायला बसायचा. खाली बघितलं असतं तर कोन दिसलं असतं?"

दुसऱ्या दिवशी बोराडे लाल मोटारसायकल घेऊन आला. धक्क्यामुळं त्याला एक दिवस उशीर झाला होता. बाहेर पडलेलं सामान बघून तो गाडीवरून उतरलाच नाही.

"न्या परत," मालक म्हणाले. "नगं आता."

बोराडेनं मान हलवली. मग म्हणाला, "काका, बाकीच्या ज्या वस्तू चालू आहेत त्या पण परत घेतो. निम्मी किंमत देतो. पलंग, कूलर, कपाट, आरसा नवा बसवता येतो."

"पैशे नगंत."

"अहो, फुकट कशा नेऊ?"

"तुमाला न्या म्हनतच न्हाई. पैशे परत घरात नगंत, येवढंच म्हनतो."

"माझा धंदा आहे, काका," बोराडे म्हणाला. मालक म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई, बापू." त्यानं गाडी वळवली आणि गेला.

मग आम्ही देऊन टाकायला लागलो. विकलं काहीच नाही. पलंग दैवशालाच्या म्हाताऱ्या सासऱ्याला दिला, त्यांना खाली बसून उठता येत नव्हतं. कूलर दवाखान्याच्या शेडात गेला. खुर्च्या, मिक्सर ज्यानं मागितलं त्याला. कपाटाचा आरसा फुटलेलाच होता, ते बालवाडीच्या बाईंनी पाट्या ठेवायला नेलं. लोक म्हणाले, वैजनाथ डोक्यानं गेला. चुलत दीर भांडायला आले, वाटायचंच होतं तर आधी घरच्यांना विचारायचं. मालक त्यांना म्हणाले, "इचारायला आलावच हाय तर सांगा, काय नेता?" ते रागानं निघून गेले.

उरलेले पैसे वनमालाच्या पायाला लागले. सोलापूरच्या दवाखान्यात तिचं दोन वेळा ऑपरेशन झालं. पाय सरळ झाला नाही. ती आजही लंगडत चालते, पण चालते. तिला आम्ही कधी सांगितलं नाही की ते कुणाचे पैसे. दैवशालानं सांगितलं असेल तर माहीत नाही.

शेडात मग चूल आत आली. दोन कांबळी, चार भांडी, एक पत्र्याची पेटी. पहिल्या दिवशी मला ते शेड फार मोठं वाटलं. बोललं की आवाज घुमायचा. तेव्हा मालक म्हणाले, "सोजर, तो गल्लीच्या तोंडापासून काय वरडायचा गं?" मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, पण मी सांगावं असं त्यांना वाटत होतं. मग ते म्हणाले, "चार येळा." मी म्हणाले, "कधी कधी पाच." आणि आम्ही हसलो. हसताना भीती वाटली, तरी हसलो.

मशीन घ्यायला त्यांना आणखी वर्ष लागलं. नव्या वसाहतीत सरकारी घर मिळालं, त्याच्या पडवीत ते बसायला लागले. नव्या कपड्यांचं काम ते फार धरत नसत. गिऱ्हाईक सदरा टाकून द्यायला निघालं तर कॉलर उलटी करून द्यायचे, म्हणायचे, "आजून दोन वर्सं जातोय की हा. नवा कशाला शिवता?" त्यांच्या असल्या बोलण्यानं गिऱ्हाईक कमी झालं, आमचं मात्र भागत राहिलं. उन्हं उतरली की मशीन झाकायची आणि पडवीत माझ्याशेजारी येऊन बसायचं. आजूबाजूला घरांवर मजले चढले, दारांत गाड्या आल्या, मग जुन्या विकून नव्या आल्या. कुणाकुणाचे हप्ते थकले, घरात भांडणं लागली. पाहुणे यायचे, आमच्या रिकाम्या भिंतींकडं बघून म्हणायचे, तुम्ही काही घेतच नाही का? मालक म्हणायचे, "घेतलं व्हतं की एकदा. लई घेतलं व्हतं."

आम्ही सुखी होतो असं मी म्हणणार नाही. पोर गेलेल्या घराला तो शब्द शोभत नाही. पण आम्हाला कशाची हाव राहिली नव्हती, आणि बोलायला वेळ होता. रोज थोडा थोडा भागू आमच्यात असायचा. कधी त्याच्या लेझमाची गोष्ट, कधी त्यानं कात्री हरवली होती त्याची. त्या गोष्टी तीस-चाळीसच असतील. आम्ही त्याच पुन्हा पुन्हा सांगायचो आणि दोघांनाही कंटाळा यायचा नाही.

गेल्या पावसाळ्यात मालकांची छाती भरली. दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरांनी पथ्य सांगितलं, पण त्यांना कळलं होतं आणि मलाही. एक दिवस मी उशाशी बसले होते तर ते म्हणाले, "सोजर, तुझं काय घ्यायचं राहिलं का? खरं सांग. माझ्यापायी मन मारलंस का कशात?"

मी खरंच आठवून बघितलं. मग म्हणाले, "दुधाचं पातेलं गळतंय. तेवढं येक घ्यायचं हाय."

ते हसले, खोकला आला, तरी हसत राहिले. "उद्या उठलो की आनतो," म्हणाले. "चांगलं जाड बुडाचं."

ते उठले नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे गेले. गळकं पातेलं डाग देऊन काही दिवस चालवलं, मग तेही चालेना. आठवडी बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानातला पोरगा चलाख होता. त्यानं मोठी पातेली पुढं मांडली.

"आजी, हे घ्या. दोन लिटरचं. त्याच्यावर झाकण फुकट आहे, आजच्या दिवस."

"बारकं दाखव."

"बारकं कशाला? थोड्याच पैशांत मोठं येतंय की. घरात माणसं किती?"

मी सांगितलं.

त्यानं मग खालच्या फळीवरून एक काढून दिलं, पाव लिटरचं.